कडेवरचं बाळ

नेरळहून कळंबचा रस्ता धरला की वाटेत पोशीर लागतं. गावाच्याच नावाची नदी आहे, ती पुढे उल्हासला मिळते. या नदीवर मोठं धरण होऊ घातलंय, त्यामुळे अलीकडे पोशीरचं नाव वर्तमानपत्रांत येऊ लागलं. मला मात्र हे नाव ऐकलं की एक सकाळ आठवते.

पावसाने उघडीप दिली होती. डांबरी रस्ता सोडून बऱ्याच आत असलेल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बसलो होतो. दोन खोल्या, पुढे पडवी आणि त्याच आवारात पलीकडे अंगणवाडीची खोली. प्रार्थना संपून मुलं आत गेली आणि पाच-सात मिनिटांनी एक मुलगी आली. तिसरी-चौथीतली असावी. पाठीवर दप्तर, कडेवर भाऊ. ती दाराशीच बसली, भावाला मांडीत घेतलं, एका हाताने त्याला सावरत दुसऱ्या हाताने वही उघडली. बाळ तिच्या वेणीची रिबीन तोंडात घालून चोखत होतं. गुरुजींनी पाहिलं आणि फळ्यावर लिहीत राहिले. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "घरचे लावणीला गेलेत. याला ठेवून ये म्हटलं, तर उद्यापासून हीच यायची नाही."

मुलीचं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. बाळाचं नाव पलीकडच्या खोलीत, अंगणवाडी ताईंच्या रजिस्टरात. त्याच्या डोसांची नोंद तिसरीकडे, आरोग्य उपकेंद्रात. शिक्षण, महिला व बालविकास, आरोग्य. आवार एक, बाळ एक आणि खाती तीन.

ज्या बाळाची वाढ कुठेतरी अडते आहे त्याला लवकर हेरायचं आणि लवकर हात द्यायचा, याला सरकारी मराठीत 'शीघ्र हस्तक्षेप' म्हणतात. ही सेवा गावातल्या सरकारी शाळेच्या आवारात आणावी, असं आता पुष्कळ जण म्हणू लागलेत. माझंही म्हणणं तेच आहे. पण त्याला नवीन कल्पना म्हणायला माझं मन तयार होत नाही. डोंगरपट्ट्यातल्या शाळेत बाळ कधीचंच आलेलं आहे. बहिणीच्या कडेवर बसून आलं. शाळेने त्याच्याकडे केव्हा पाहिलं आणि केव्हा नजर वळवली, त्याचाच हा मागोवा.

आमच्या भागात १९०७ हे साल लक्षात आहे ते नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीमुळे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती सुरू झाली. त्याआधी दोन महिने, जानेवारीत, रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी नावाच्या डॉक्टरबाईंनी बालगृह उघडलं होतं. आईबाप कामाला गेले की चाळीतली पोरं जिन्यांवर आणि भिंतींवर धुडगूस घालत, म्हणून चाळीच्या मालकांनाच त्यांची कुठेतरी सोय लावून हवी होती. बाई पुढे जगभर गाजल्या. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बालगृहात त्यांनी जी साधनं वापरली, त्यातली बरीचशी आधी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांना शिकवताना घडवलेली होती. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केलेलं काम त्यांनी अभ्यासलं होतं. ज्या पद्धतीने मागे पडलेलं मूल शिकतं, तीच पद्धत बाकीच्या मुलांनाही लाभते, हे त्यांना आधी दिसलं आणि मग बालगृह निघालं. म्हणजे आज आपण ज्यांना शालापूर्व शिक्षण आणि दिव्यांग मुलांचं शिक्षण म्हणतो, ती दोन्ही एकाच आईची लेकरं. त्यांची वाटणी नंतर झाली.

त्याच १९०७ साली इंग्लंडमध्ये शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी करणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यासाठी झगडलेल्या मार्गारेट मॅकमिलन यांना लवकरच कळून चुकलं की शाळेत आलेल्या मुलाला तपासायला उशीर झालेला असतो. पाय वाकलेले असतात, कान वाहून वाहून निकामी झालेले असतात. म्हणून त्या आणि त्यांची बहीण रेचेल आणखी खाली, धाकट्या मुलांकडे उतरल्या. १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्ड भागात त्यांनी उघड्या बागेतली बालशाळा चालवायला घेतली. आपल्याकडे शाळेतल्या मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी बडोदे शहरात १९०९ साली झाली, सयाजीरावांच्या राज्यात. ती मात्र शाळेच्या उंबऱ्यावरच थांबली. उंबऱ्याच्या आतल्या मुलाचे दात, डोळे, वजन पाहायचं, बाहेरच्या बाळाचं ज्याने त्याने पाहावं, ही रीत तेव्हापासूनची.

ती रीत मोडली ती आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला.

ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी माँटेसोरीचं शिक्षण भारतीय कसं करायचं याचा ध्यास घेतला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण बालमंदिरात येत ती खात्यापित्या घरची मुलं, आणि ताराबाईंना हे टोचत होतं. १९४५च्या डिसेंबरात त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. त्या बालविधवा, पुण्यात शिक्षिका होत्या. त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुढची सगळी हयात डहाणूच्या मातीत गेली.

बोर्डीत केलेली पहिली बालवाडी गावात होती. हरिजनवाड्यातली, पाड्यांवरची मुलं तिथे येईनात. आई मजुरीला, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला, मग धाकट्याच्या वरच्याला आणणार कोण? तेव्हा बायांनी काय केलं, तर सामान टोपलीत भरलं आणि त्या स्वतः पाड्यावर गेल्या. कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात बसल्या. आधी मुलांना आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले, मग गाणी झाली, गोष्टी झाल्या. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले आले, चिंचोके आले, गोटे, पानं, काड्या. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर गावोगावच्या पाट्यांवर हा शब्द आहे. तो कुणा समितीच्या बैठकीत सुचलेला नाही. मूल आपल्याकडे येत नाही तर आपण त्याच्याकडे जावं, या पायपिटीतून तो आला.

पन्नाशीच्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या मुलखात, आणि तिथे विकासवाडी उभी राहिली. माझ्या मते या सगळ्या वंशावळीतलं मूळ घर तेच. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. हे उदारपणे केलेलं नव्हतं, अनुभवाने करावं लागलेलं होतं. शाळा काढली तर मोठ्या मुली येईनात, कारण कडेवर बाळ. बाळासह या म्हटलं तर वर्ग चालेना. मग बाळासाठी पाळणा बांधला आणि मुलगी मोकळी झाली. ती शिकता शिकता उठून बाळाला पाहून येई. पाळणाघरातली बाई बाळाला न्हाऊमाखू घाली, त्याच्याशी बोले, आणि कुठलं बाळ अजून बसत नाही, कुठलं नुसतंच पडून असतं, हे तिला रोज डोळ्यांनी दिसे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. बाळ असो, गुराखी असो, मुलाच्या अंगावरचं ओझं पाहून शाळेचा आकार ठरायचा. मागाहून झालेल्या सगळ्या योजना मी या एकाच कसोटीवर लावून पाहतो.

आमच्या कर्जतच्या बाजूलाही त्याआधीच हाच जीव होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, यांनी या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा आणि अडीअडचणीसाठी धान्यकोठ्या चालवल्या. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. ते जगते तर शाळा आणि धान्य ही दोन कामं त्यांनी कुठवर नेली असती, असं सिद्धगडाकडे पाहताना मनात येतं. पोटाला दिल्याशिवाय पाटी नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५व्या कलमात लिहिलं गेलं की चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सगळ्या बालकांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्याने झटावं. नीट वाचलं तर त्यात खालची मर्यादा नाही. 'चौदापर्यंत' यात दहा महिन्यांचं बाळही बसतं. सहा हा आकडा मूलभूत हक्काच्या आड आला तो २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला आणि सहाच्या खालच्यांसाठी ४५व्या कलमात राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच उरलं. मोठ्या भावंडांना हक्क आणि धाकट्यांना आश्वासन. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं ११वं कलमही तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल सरकार आवश्यक ती व्यवस्था करू शकेल एवढंच म्हणतं, त्यात सक्ती नाही.

दरम्यान १९७५ उजाडलं होतं. २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली. बोर्डीचा शब्द तिने उचलला, अंगणवाडी. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण. कागदावर हे जवळजवळ विकासवाडीच होतं. योजनेने लाखो मुलांच्या पोटात अन्न घातलं, हे तिचं ऋण कुणी नाकारू नये. पण सहातल्या पहिल्या दोन सेवा फोफावल्या आणि बाकीच्या त्यांच्या सावलीत खुरटल्या. तीन ते सहाची मुलं अंगणवाडीत बसू लागली. तीनच्या खालच्या मुलासाठी राहिलं काय, तर वजनकाटा आणि घरी न्यायचं पाकीट. १९९०च्या दशकात जव्हार-मोखाडा आणि मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हापासून तर सगळं लक्ष किलो-ग्रॅमवर खिळलं. ते बरोबरही होतं, मूल आधी जगायला हवं. पण बाळ मान धरतं का, हाकेला वळतं का, आईच्या तोंडाकडे पाहून हुंकार देतं का, हे विचारणारा रकाना मागे पडला. दंडाला पट्टी लावून मोजलं जातं. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. हिरव्या पट्टीतल्या मुलाला ऐकू येत नसलं तरी ते हिरवंच.

दुसरं लेकरू, दिव्यांगांचं शिक्षण, ते शहरात वाढलं. मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली निघाली ती आईबापांनी आपल्या मुलीपायी. १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली तीही स्वतःच्या मुलीसाठी शाळा शोधता शोधता. १९८३ला वांद्र्यात श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आली. ही सगळी मोठ्या मोलाची कामं, पण कर्जत लोकलने सीएसएमटीपर्यंत दोन-अडीच तास लागतात आणि वाडीवरून नेरळ स्टेशन गाठायलाच निम्मा दिवस. १९७४ साली अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्राची योजना आली, पुढे सर्व शिक्षा अभियानात आणि आता समग्र शिक्षामध्ये विशेष शिक्षक आले. ते गट साधन केंद्रातून शाळाशाळा फिरतात, घरी खिळलेल्या मुलाला घरी जाऊन शिकवतात. पण त्यांचं काम प्रामुख्याने पटावरच्या मुलांशी. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानतो. धोक्यातली मुलं ओळखण्यासाठी सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी असं सांगतो. पण मोफत शिक्षणाचा हक्क तोही सहाव्या वर्षापासूनच देतो.

अमेरिकेची गोष्ट इथे थोडक्यात सांगितली पाहिजे. अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा तिथला कायदा १९७५च्या नोव्हेंबरातला, आपल्या अंगणवाडीनंतर दोन महिन्यांनी आलेला. अकरा वर्षांत त्यांना जाणवलं की आपण उशिरा सुरुवात करतोय. १९८६ साली त्याच कायद्यात जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या सेवा जोडल्या गेल्या आणि तिथून पुढे तीन ते पाचची जबाबदारी सरकारी शाळांवर आली. त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी की अशा बाळासाठी जी योजना लिहिली जाते, ती कुटुंबाच्या नावाची असते. आई काय करते, बाप किती वाजता येतो, आजी घरात आहे का, हे आधी लिहायचं. आम्ही १९७५ला सुरुवात एकत्रच केली होती, आणि आमच्याकडे तर कोसबाड होतं.

आपल्याकडे घरापर्यंत जाण्याची वाट पुन्हा उघडली ती गडचिरोलीतून. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बाईला शिकवलं की नवजात बाळाला घरी जाऊन तपास, वजन कर, ऊब दे, जंतुदोष ओळख. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभरच्या आशाताई ठरल्या दिवशी बाळाच्या घरी जाऊ लागल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पुढे २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक फेरी वाढली. टोपली घेऊन पाड्यावर जाणाऱ्या बायांचीच ही लेक.

आणि मग ६ फेब्रुवारी २०१३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात झाली ती पालघरला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, डहाणू शेजारचा तालुका, कोसबाडची टेकडी तिथून लांब नाही. त्या दिवशीच्या भाषणांत ताराबाईंची आठवण कुणी काढली की नाही कोण जाणे, पण काम त्यांच्या अंगणात सुरू झालं. जन्मजात व्यंग, पोषणातली उणीव, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर या चार गटांतल्या ३० अवस्थांसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असं पथक गाडीतून फिरतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. काही सापडलं तर पुढे उपजिल्हा रुग्णालय, आणि वाढीतला उशीर असेल तर जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिथे बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, व्यायामोपचार करणारे, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी रचना. बडोद्याला शाळेच्या उंबऱ्यावर थांबलेली तपासणी एकशेचार वर्षांनी उंबरा ओलांडून बाळापर्यंत आली.

आता ही रचना पोशीरच्या वाडीत कशी उतरते ते सांगतो. त्या सकाळी मी गुरुजींकडून पलीकडच्या खोलीत गेलो. ताई एका आठ-नऊ महिन्यांच्या मुलीला आईच्या मांडीत बसवून तिच्या पाठीमागे गेल्या. मदतनीस बाळाच्या समोर चमचा हलवत होती, नजर तिकडे लागावी म्हणून. ताईंनी उजव्या कानामागे, जरा लांबून, खुळखुळा वाजवला. बाळ चमच्याकडेच पाहत राहिलं. डावीकडून वाजवला. तसंच. मग ताईंनी पातेल्यावर उलथणं आपटलं. दारातलं कुत्रं दचकून उठलं, बाळ नाही. आई हसून म्हणाली, "शांत आहे ती, रडत पण नाही." ताईंनी काही न बोलता वहीत खूण केली आणि पुन्हा खुळखुळा हातात घेतला. त्यांना स्वतःची खात्री करून घ्यायची होती.

कानाच्या बाबतीत जगभर एक हिशेब मानला जातो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र आणि बोलण्याचं शिक्षण सुरू. कारण ज्या वयात मेंदू आवाज ओळखायला शिकतो ते वय थांबून राहत नाही. या बाळाचे आठ-नऊ महिने गेलेच होते. तरी ताईंनी हेरलं हे तिचं भाग्य. नाही तर अशी मुलगी पाच-सहा वर्षांनी पलीकडच्या खोलीत दाराशी बसते आणि शेरा मिळतो, "लक्ष देत नाही." कातकरी मुलांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. घरात कातकरी बोली, अंगणवाडीत मराठी. मूल गप्प बसलं तर ते ऐकू येत नाही म्हणून, कळत नाही म्हणून, की भाषा परकी म्हणून, हे ओळखायला त्याच्या बोलीतले चार शब्द येणारी बाई लागते. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्राने विशेष दुर्बल मानल्या आहेत. त्यांच्यासाठी २०२३च्या नोव्हेंबरात जनमन अभियान निघालं, त्यात वाड्यांना अंगणवाड्याही आहेत. त्या अंगणवाड्यांत ताई त्याच वाडीतली असावी, एवढं एक झालं तरी पुष्कळ तपासण्या खऱ्या होतील.

पण हेरल्यानंतरचा रस्ता लांब आहे. रायगडचं जिल्हा ठिकाण अलिबाग समुद्रकाठी, आणि कर्जत सह्याद्रीच्या पायथ्याशी. बाळाला घेऊन जायचं तर एक रोज बुडतो, बहुधा दोन. व्यायाम शिकवले तरी ते रोज करायचे असतात. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर दर आठवड्याला प्लास्टर बदलावं लागतं, पाच-सहा वेळा, आणि मग बूट-पट्टी, पुढे रात्रीची ती चार वर्षांपर्यंत. एकदा सोडली की पाऊल पुन्हा वळतं. आठवड्याच्या आठवड्याला अलिबागला कोण जाणार? म्हणूनच मी शाळेच्या आवारावर एवढा जोर देतोय. तिथे रोज उघडणारी खोली आहे, पाणी आहे, शिजणारं अन्न आहे, मोठी भावंडं आहेत. गट साधन केंद्राचा विशेष शिक्षक तिथे येतोच. त्याने आठवड्यातला एक तास पलीकडच्या खोलीत घालवावा, ताईला आणि आईला पाहून घेऊन व्यायाम सांगावेत, खेळ सांगावेत. तज्ज्ञ महिन्याने आले तरी चालेल, रोजचा हात गावातला हवा. यासाठी नवीन इमारत लागत नाही, दोन खोल्यांतली तीस पावलं ओलांडायची परवानगी लागते.

ती परवानगी आता कागदावर तरी येऊ लागली आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्राने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती आणली. २०२४च्या मार्चमध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आला, त्यात अखेर बाळाशी बोलणं, खेळणं याला महिन्यामहिन्याचं स्थान मिळालं. आणि २०२५च्या सप्टेंबरात शिक्षण आणि महिला-बालविकास या दोन मंत्रालयांनी मिळून अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विकासवाडी सत्तर वर्षं फिरून घरी आली. पाळणाघरालाही केंद्राच्या योजनेत 'पालना' असं नाव आहे, म्हणजे पाळणाच. एवढंच पाहायचं की आवार एक केल्यावर अंगणवाडीचं वर्गाच्या धाकट्या तुकडीत रूपांतर होऊ नये. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन त्याला पहिलीची तयारी करायला लावणं सोपं असतं, आणि मग दहा महिन्यांचं बाळ पुन्हा दाराबाहेर.

शाळेच्या आवाराला न बांधता येणारा एक काळही आहे, तो म्हणजे दिवाळीनंतरचा. कर्जत-खालापूरच्या वाड्या तेव्हा ओस पडू लागतात. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९०च्या दशकात भट्टीवरच्या झोपड्यांत, भोंग्यात, भोंगाशाळा काढल्या. कुरणशाळेची ती सख्खी बहीण. बांधकामांवरच्या बाळांसाठी मोबाईल क्रेश १९६९ला दिल्लीत आणि १९७२ला मुंबईत सुरू झालं. या दोन्हींनी दाखवलं की मूल जिथे राहतं तिथे शाळा आणि पाळणा दोन्ही नेता येतात. पण भट्टीवर गेलेल्या बाळाची तपासणी पुढे कोण चालवणार, हे वाडीतल्या ताईच्या हातात नसतं, आणि भट्टीच्या गावातल्या ताईला ते बाळ आपलं वाटत नाही.

मी पुन्हा त्या वाडीत गेलो तो दिवाळी होऊन गेल्यावर. टेम्पो उभा होता, पातेली, कोंबड्यांचा पिंजरा, गोधड्या चढवल्या जात होत्या. ऐकू न येणाऱ्या मुलीची आई ताईंसमोर उभी होती. कर्जतला एकदा जाऊन आल्या होत्या, पुढची चिठ्ठी अलिबागची होती, ती तारीख भट्टीच्या दिवसांत पडत होती. ताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेतलं. त्यात वजनाची रेघ आहे, डोसांचे शिक्के आहेत, आणि कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं याची चित्रं आहेत, हाकेला वळणाऱ्या बाळाचंही एक. ताईंनी त्या चित्राभोवती निळ्या पेनाने गोल काढला, कडेला लिहिलं, "कान तपासा", खाली तारीख टाकली आणि स्वतःचा मोबाईल नंबर. मग विचारलं, "भट्टी कुठल्या गावाला?" आईने नाव सांगितलं. तेही लिहिलं. कार्ड रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गेलं आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी. ताई म्हणाल्या, "तळाशी नको, वर ठेव." आईने पेटी पुन्हा उघडली.